वन पिंगळ्याच्या शोधाचा इतिहास

वन पिंगळा हा मध्य व पश्चिम भारतातील पानझडी अरण्यांत राहणारा एक लहान घुबडवर्गीय पक्षी होय. त्याचा समावेश घुबडांच्या स्ट्रिजिडी कुलात होतो. त्याचे शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटाय असून हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय या मूळ नावानेही तो ओळखला जातो. हा पक्षी जगात फक्त भारतातच आढळतो. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळाला. १८८४ नंतर मात्र ११३ वर्षे त्याची एकही विश्वसनीय नोंद झाली नाही. त्यामुळे तो नामशेष झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानू लागले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी महाराष्ट्रात शहाद्याजवळच्या अरण्यात तो पुन्हा आढळला. या मधल्या काळात पक्षी अरण्यातून नाहीसा झालेला नव्हता. त्याचा शोध घेणाऱ्यांपुढे असलेल्या माहितीतच दोष होता. म्हणून वन पिंगळ्याच्या शोधाचा इतिहास हा एका पक्ष्याचा इतिहास आहे, त्याचप्रमाणे पक्षिनिरीक्षणातील नोंदींच्या खरेपणाचाही आहे.

ओळख : वन पिंगळ्याची लांबी सु. २३ सेंमी. असते. गावाकडेच्या जुन्या झाडांवर व पडक्या भिंतींत सर्वत्र दिसणारा ठिपकेदार पिंगळा त्याचा जवळचा नातलग असून आकारमानाने दोघे जवळपास सारखेच आहेत. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात; वन पिंगळ्याचे डोके व पाठ करडसर तपकिरी असून त्यांवर ठिपके जवळजवळ नसतात. त्याची कवटी व चोच मोठी, पाय दणकट आणि बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. छातीवर गडद तपकिरी रंगाचा रुंद पट्टा असतो व पोटाचा मधला भाग पांढरा असतो. शेपटीवर व पंखांवर रुंद पांढरे पट्टे असतात. त्याच अरण्यांत राहणारा जंगली पिंगळा अंगभर बारीक आडव्या पट्ट्यांचा असल्याने वेगळा ओळखू येतो.

मराठीत पिंगळा हे नाव पक्ष्याप्रमाणेच पहाटे दारोदार फिरून शुभाशुभ सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही आहे. त्यास पिंगळ्याची भाषा कळते, अशी लोकांची समजूत असे. लोकजीवनात इतक्या परिचयाच्या असलेल्या पक्ष्याचा एक सख्खा नातलग शतकाहून अधिक काळ शास्त्राला अज्ञातवासात राहिला, ही लक्षणीय गोष्ट आहे.

पहिले नमुने : एकोणिसाव्या शतकात भारतातील पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केला. दुर्बिणीने पाहून नोंद करण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. पक्षी बंदुकीने मारून त्याचे कातडे काढीत, ते कापसाने भरून शिवीत आणि त्याच्या पायाला ठिकाण, दिनांक, लिंग व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधीत. अशा कातड्याचे शास्त्रीय मूल्य त्या चिठ्ठीवर अवलंबून असते. चिठ्ठी नसलेले कातडे पक्ष्याचे रूप सांगते. परंतु तो कोठे व केव्हा राहत होता, हे सांगू शकत नाही.

वन पिंगळ्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने डिसेंबर १८७२ मध्ये बसना–फुलझर या भागात मिळविला. हा भाग आता छत्तीसगड राज्यात मोडतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९–१९१२) यांनी १८७३ मध्ये स्ट्रे फेदर्स या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविट यांच्या सन्मानार्थ त्यास नाव दिले. ह्यूम हे पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्यापूर्वी भारतीय पक्षिविज्ञानाच्या उभारणीत त्यांचे कार्य मोठे होते. भारतभर विखुरलेले अधिकारी त्यांच्याकडे नमुने व टिपणे पाठवीत असत. आपला प्रचंड संग्रह त्यांनी १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयास दिला.

भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल (१८४३–९५) यांना १८७७ मध्ये खरियार (आता ओडिशा) भागात या पक्ष्याचा आणखी एक नमुना मिळाला. त्यानंतरचे नमुने पश्चिमेकडून, म्हणजे मूळ ठिकाणापासून शेकडो किमी. अंतरावरून आले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन हे तत्कालीन खानदेश जिल्ह्यात नेमणुकीवर होते. त्यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी १८८२ मध्ये स्ट्रे फेदर्समध्ये प्रसिद्ध केली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा–तळोदे भागात त्यांनी वन पिंगळ्याचे अनेक नमुने मिळविले. त्यांतील अखेरचा नमुना १८८४ मधील आहे. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची अवघी सात कातडी होती.

नोंदींतील खंड : १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा होण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ह्यूम यांनी पक्ष्यांचा अभ्यास सोडल्यानंतर दूरदूरच्या अधिकाऱ्यांकडून माहिती गोळा करणारे केंद्र उरले नाही. डेव्हिडसन यांची बदली झाली. मुंबईस १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने नोंदी गोळा करण्याचे कार्य पुढे चालविले. परंतु सातपुड्याच्या पायथ्याची अरण्ये तिच्या नेहमीच्या अभ्यासकांच्या वाटेवर नव्हती. शिवाय या पक्ष्याचा आवाज कसा आहे, तो केव्हा वावरतो, घरटे कोठे करतो यांविषयी काहीच माहिती नव्हती. घुबड म्हणजे निशाचर, या सर्वसाधारण समजुतीमुळे त्याला रात्री शोधावे असे वाटणे स्वाभाविक होते. ठिपकेदार पिंगळा सर्वत्र विपुल असल्याने दोहोंत गल्लत होण्याचा संभवही मोठा होता. १९६८ मध्ये नागपूरजवळ घेतलेले पिंगळ्याचे छायाचित्र वन पिंगळ्याचे असल्याचे काही काळ मानले गेले. पुढे तो ठिपकेदार पिंगळा असल्याचे निष्पन्न झाले.

भारतीय पक्षिविज्ञानात अशा ‘हरवलेल्या’ पक्ष्यांची एक छोटी यादीच होती. हिमालयी लावा, गुलाबी डोक्याचे बदक, जेर्डनचा धाविक आणि वन पिंगळा ही नावे त्या यादीत प्रामुख्याने घेतली जात. सालिम अली (१८९६–१९८७) व अमेरिकन पक्षिवैज्ञानिक एस. डिलन रिप्ली (१९१३–२००१) यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केला. या पक्ष्यांचा शोध घेणे, हा दोघांच्याही आवडीचा विषय होता. वन पिंगळ्यासाठी त्यांनी १९७० नंतरच्या दशकात मोहीम काढली. परंतु तीत यश आले नाही. रिप्ली यांनी १९७६ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात या पक्ष्याविषयीच्या माहितीचा आढावा घेणारा लेख लिहिला. या अपयशाचे एक कारण पुढे वीस वर्षांनी उघडकीस आले.

१९१४ ची खोटी नोंद : सात कातड्यांपैकी एकाच्या चिठ्ठीवर १९१४ हे वर्ष आणि गुजरातमधील तापी नदीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. संग्राहक म्हणून कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन (१८७८–१९६७) यांचे नाव होते. ही नोंद खरी मानल्यास पक्षी १८८४ नंतर तीस वर्षे तरी जिवंत होता आणि त्याचा आढळ गुजरातपर्यंत होता, असा अर्थ निघत असे. एवढी अलीकडची दुसरी नोंद नसल्याने शोध घेणाऱ्यांनी तिला महत्त्व देणे साहजिकच होते.

मायनर्ट्‌झहागेन हे ब्रिटिश लष्करातील नामांकित अधिकारी आणि पक्ष्यांच्या मोठ्या खासगी संग्रहाचे मालक होते. त्यांचा संग्रह अखेरीस ब्रिटिश संग्रहालयाकडे आला. तथापि त्यांच्याविषयी संग्रहालयात फार पूर्वीपासून संशय होता. परवानगीवाचून नमुने नेल्यावरून १९१९ मध्ये काही काळ त्यांना पक्षिविभागात प्रवेशबंदीही झाली होती. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही युरोपीय पक्ष्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले.

दक्षिण आशियातील पक्ष्यांविषयी नवा मार्गदर्शक ग्रंथ तयार करीत असताना अमेरिकन पक्षिवैज्ञानिक पामेला रासमुसेन यांनी वन पिंगळ्याची कातडी बारकाईने तपासली. प्रत्येक संग्राहकाची कातडे काढण्याची, भरण्याची व शिवण्याची एक विशिष्ट धाटणी असते. हस्ताक्षराप्रमाणे तीवरून माणूस ओळखता येतो. १९१४ ची चिठ्ठी असलेले कातडे पूर्वी एकदा भरून शिवलेले असून नंतर ते उसवून नव्याने भरण्यात आले होते, असे तपासणीत दिसून आले. मूळ भरणाच्या ज्या खुणा शिल्लक होत्या, त्या डेव्हिडसन यांच्या इतर नमुन्यांशी जुळत होत्या. म्हणजे हे कातडे मायनर्ट्‌झहागेन यांनी मिळविलेले नसून खानदेशात डेव्हिडसन यांनी मिळविलेला व संग्रहालयातून चोरीस गेलेला नमुनाच नव्या चिठ्ठीसह परत आला होता. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी हे सर्व पुरावे १९९९ मध्ये आयबिस या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केले.

या शोधाचा परिणाम दुहेरी होता. १९१४ ची नोंद बाद झाल्याने पक्षी शेवटी आढळल्याचा काळ तीस वर्षांनी मागे, १८८४ पर्यंत गेला. तो जिवंत असण्याची आशा त्या प्रमाणात कमी झाली. परंतु मांडवीचे नाव नकाशावरून पुसले गेल्याने कोठे शोधावे, हा प्रश्न सुटला. सालिम अली व रिप्ली यांच्या मोहिमेस या बनावट नोंदीमुळे चुकीची दिशा मिळाली असावी, असे मानले जाते. आता फक्त एकोणिसाव्या शतकातील खरी ठिकाणे उरली : पूर्वेस फुलझर व खरियार आणि पश्चिमेस शहादा–तळोदे.

पुनःशोध : नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, आग्नेय आशियातील पक्ष्यांचे जाणकार बेन किंग आणि पक्षिनिरीक्षक डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. पक्ष्याचा आवाज ठाऊक नसल्याने ध्वनिफितीच्या साहाय्याने त्यास बोलते करण्याचा उपाय उपलब्ध नव्हता. कातड्यांवरून निश्चित केलेली रूपलक्षणे व जुन्या चिठ्ठ्यांवरील गावांची नावे, एवढीच त्यांची सामग्री होती. प्रथम त्यांनी पूर्वेकडील ठिकाणे पाहिली. तेथील अरण्यांचे रूप शतकात पालटले होते व पक्षी आढळला नाही. सु. दोन आठवड्यांच्या शोधानंतर ते खानदेशात आले.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. गावाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून तिच्या पायथ्याशी सागाची विरळ अरण्ये आहेत. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगले उजाडल्यावर, किंग यांना एका निष्पर्ण झाडावर एक पिंगळा बसलेला दिसला. त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते, छातीवर गडद पट्टा होता आणि पाय दाट पांढऱ्या पिसांचे होते. पक्षी उन्हात उघड्यावर बसून राहिल्याने त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेता आली. जुन्या नमुन्यांशी ताडून पाहता ओळखीविषयी शंका उरली नाही. किंग व रासमुसेन यांनी १९९८ मध्ये फोर्कटेल या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध केला. डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर लिहिलेले गाव ११३ वर्षांनंतरही बरोबर ठरले.

नंतरचा अभ्यास : पुनःशोधानंतर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८ पासून या पक्ष्याचा अभ्यास केला. त्यांना तो तळोदे व तोरणमाळ भागात, मेळघाटात आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे आढळला. वन पिंगळा मुख्यतः दिवसा वावरतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. सकाळी तो निष्पर्ण शेंड्यावर ऊन घेत बसतो, शेपटी झटकन या बाजूकडून त्या बाजूकडे हलवितो आणि खाली झेपावून भक्ष्य पकडतो. सरडे, उंदीर, लहान पक्षी व कीटक हे त्याचे खाद्य आहे. झाडाच्या ढोलीत तो घरटे करतो. विणीचा हंगाम हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. त्याचे निरनिराळे आवाज प्रथमच ध्वनिमुद्रित झाले आणि त्यामुळे पुढील शोध सुकर झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून हा पक्षी अथीनी वंशातीलच असल्याचे दिसून आले. ह्यूम यांनी त्यासाठी वेगळा वंश कल्पिला होता.

आढळाची ठिकाणे त्यानंतर वाढत गेली. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मध्य प्रदेशातील खंडवा व बुऱ्हाणपूर जिल्ह्यांतील अरण्ये यांत तो आढळला. २०१४ मध्ये एका हौशी पक्षिनिरीक्षकास तो मुंबईच्या उत्तरेस तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तलावाभोवतीचे हे अरण्य शहरापासून शंभर किमी.च्या आत असून पक्षिनिरीक्षकांच्या सहली तेथे वर्षानुवर्षे जात असत. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील, तुलनेने दमट अरण्यातही वन पिंगळा राहतो, हे या नोंदीमुळे कळले. पुढे गुजरातमधील डांग जिल्ह्यात पूर्णा अभयारण्यातही तो सापडला. मांडवीची नोंद खोटी होती. तथापि गुजरातमध्ये हा पक्षी असू शकतो ही गोष्ट खोटी नव्हती. खोट्या नोंदीचा दोष हाच की, तिच्यामुळे खऱ्या शक्यतेचीही परीक्षा करता येत नाही.

अधिवासाचा प्रश्न : पक्षी सापडला, त्या वेळीच त्याचे अरण्य वेगाने कमी होत होते. तळोदे भागातील वनजमिनीचा काही भाग नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी देण्यात आला. शेतीसाठी होणारी तोड, सरपणासाठी होणारी लाकूडतोड, चराई व वणवे यांचाही परिणाम झाला. या भागातील भिल्ल व पावरा आणि मेळघाटातील कोरकू यांचे जीवन याच अरण्यांवर अवलंबून असल्याने प्रश्न केवळ बंदी घालून सुटण्यासारखा नाही. ढोल्या असलेली जुनी झाडे तुटल्यास घरट्यांस जागा उरत नाही. घुबडांविषयीच्या अंधश्रद्धांपायी त्यांची हत्या होते, तीही चिंतेची बाब आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वन पिंगळ्याचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो प्रथम ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होता. नवी ठिकाणे कळल्यानंतर २०१८ मध्ये त्यास ‘संकटग्रस्त’ या वर्गात घालण्यात आले. पक्ष्यांची संख्या वाढल्यामुळे नव्हे, तर माहिती वाढल्यामुळे हा बदल झाला. प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजाराहून कमी असल्याचा अंदाज आहे.

पक्षिनिरीक्षणाच्या दृष्टीने महत्त्व : वन पिंगळ्याप्रमाणेच जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर दिसला नव्हता. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात भारत भूषण या सोसायटीच्या अभ्यासकास तो मिळाला. तेथील रहिवाशांना तो ठाऊक होता व त्यांच्याच साहाय्याने तो सापडला. एका प्रकरणी स्थानिकांचे ज्ञान आणि दुसऱ्या प्रकरणी संग्रहालयातील जुनी चिठ्ठी उपयोगी पडली. दोहोंतही पक्षी आपल्या मूळ प्रदेशातच होता.

यावरून दुर्मिळ पक्ष्यांच्या शोधाची काही पथ्ये ठरली आहेत. नोंदीत ठिकाण, दिनांक, वेळ, झाड व पक्ष्याची हालचाल यांचा स्पष्ट उल्लेख असावा. छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण नसल्यास ओळख पटविणारी लक्षणे जागेवरच टिपून ठेवावीत. जे दिसले नाही तेही लिहावे, कारण शोध घेऊनही पक्षी न आढळल्याची नोंद पुढील अभ्यासकाचा वेळ वाचविते. सारख्या दिसणाऱ्या जातींविषयी शंका असल्यास ती नोंदीत तशीच ठेवावी. विणीच्या हंगामात ढोलीजवळ जाणे व मुद्रित आवाज वारंवार ऐकविणे टाळावे. त्यामुळे पक्षी घरटे सोडण्याचा संभव असतो. घरट्याची नेमकी जागा सर्वत्र जाहीर करू नये. परंतु ती खऱ्या तपशिलासह वनखात्याकडे व अभ्यासकांकडे नोंदविलेली असावी.

फुलझर व खरियार या पूर्वेकडील ठिकाणी १९९७ मध्ये पक्षी आढळला नाही. ज्या प्रदेशातून त्याचे पहिले वर्णन झाले, त्याच प्रदेशातील ही उणीव या पक्ष्याच्या शोधातील एक महत्त्वाचा अपुरा भाग होय.